आधी कुणी ऐकलं

अठरा वर्षांत आर्बेई तिला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाला, तेव्हा अरासेली बेकरीतून पैसे देऊन नुकती बाहेर पडत होती. हातात पांदेबोनोची कागदी पिशवी, आतले चीजचे गरम पाव, त्यांचा ओशटपणा कागदातून बोटांना लागायला लागलेला. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, तरी तिने घेतला. "डॉक्टर अरासेली लास्प्रिया का? मी आर्बेई बालान्ता बोलतोय, वीज उपकेंद्रातून." तिला हसूच आलं. ज्याचा आवाज दर सोमवारी न चुकता कानावर पडतो त्याने आडनावासकट नाव सांगावं, म्हणजे सख्ख्या भावाने दारात उभं राहून ओळखपत्र दाखवण्यासारखी गत. "सकाळी सकाळी काय रे नाटक हे?" ती म्हणाली. पलीकडे थोडा वेळ नुसती घरघर. मग तो म्हणाला, "तुमचा अहवाल मिळाला, डॉक्टर. दोन नंबरच्या ट्रान्सफॉर्मरची खरखर राखेची आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्याप्रमाणे बुधवारी सकाळी सात वाजता आम्ही तिघं त्याच्या चिनीमातीच्या माना धुवायला चढतोय. लाइन चालू ठेवून. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा." "मला काय सांगायचं असणार? काही नाही," ती म्हणाली. "नोंद केली," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

काली शहरात कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही. इथे फळवाली न्यायाधीशालाही 'ए, इकडे बघ' म्हणून हाक मारते आणि न्यायाधीश बघतो. 'तुम्ही' राखून ठेवलेलं असतं ते पोलिसासाठी, पाद्रीबाबासाठी आणि बोलणं सोडलेल्या भावासाठी. अरासेली घराकडे चालत होती, आणि चालताना तिच्या लक्षात आलं की आपण त्या शब्दाशी आपल्या धंद्यासारखंच वागतोय. म्हणजे ठिणगी पडली की पहिला प्रश्न, कुठून आली? आतून की बाहेरून? बाजूला साहेब बसला असेल. बायकोशी वाजलं असेल. मागच्या सोमवारी आपण फोन लवकर ठेवला त्याचा राग असेल. तिने एकेक कारण उचललं, कानाशी धरलं आणि बाहेरचं म्हणून टाकून दिलं. पाचव्या मजल्यावरच्या घरात पोचेपर्यंत पांदेबोनो गार होऊन चिवट झाले होते. ती चार विकत घ्यायची, आई असल्यापासूनची सवय. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि दोन पाव रोज दुसऱ्या दिवशी टाकले जायचे.

तिची सबंध हयात एका वीतभर तांब्याच्या नक्षीवर गेली होती. मोठ्या दाबाच्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल असतं, तेलात कागदाचे थर असतात, आणि कागदात कुठेतरी एखादा सुईच्या अग्राएवढा पोकळ बुडबुडा राहून जातो. त्या बुडबुड्यात बारीक बारीक ठिणग्या पडत राहतात. त्या पूर्ण वीज नव्हेत. वाळवी लाकूड खाते तशा त्या वर्षानुवर्षं कागद खातात, आणि एक दिवस दोनशे टनांचं धूड फुटतं. प्रत्येक ठिणगी मात्र एक अगदी छोटी रेडिओची लाट सोडते. ती लाट ऐकणारा कान बनवायचा, एवढंच अरासेलीचं काम. सांगायला सोपं. लाट लांब असेल तर कान मोठा लागतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पोटाला झरोका असतो जेमतेम तळहाताएवढा. मोठा कान छोट्या झरोक्यात बसवायचा तर तांब्याची रेघ स्वतःभोवतीच गुंडाळत न्यावी लागते, चकली पाडावी तशी. किती वेढे, दोन वेढ्यांत किती जागा, शेवटचं टोक कुठे तोडायचं, यात तिची तिशी आणि चाळिशी गेली. पहिली चकली तिने स्वयंपाकघरात, बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून कात्रीने कापली होती. ती झाडूच्या दांड्याला बांधून आर्बेई तासभर ट्रान्सफॉर्मरसमोर उभा राहिला होता. तेव्हा तो साधा चालक होता, उसाच्या मधोमध असलेल्या त्या उपकेंद्रात नुकताच लागलेला. "अगं बाई, तुझी थाळी डाव्या कानाने बहिरी आहे," तो म्हणाला होता. तिला राग आला होता. मग तिने मोजलं, आणि थाळी खरोखरच डाव्या बाजूने बहिरी निघाली. त्या दिवसापासून ते एकमेकांना 'तू' म्हणायला लागले, की त्याच्या आधीपासूनच, हे आता तिला आठवेना.

या खोऱ्यात ऊस तोडायच्या आधी जाळतात. मग काळ्या, पातळ, सळीसारख्या राखेचा पाऊस पडतो. त्याला पावेसा म्हणतात. ती दोरीवरच्या कपड्यांवर पडते, सूपमध्ये पडते, नवरीच्या पांढऱ्या झग्यावरही पडते, आणि उपकेंद्रात, ट्रान्सफॉर्मरमधून कागदात गुंडाळलेली तार बाहेर नेणाऱ्या चिनीमातीच्या लांब मानांवर साचते. त्यावर दव पडलं की राख चर्र चर्र बोलायला लागते. ट्रान्सफॉर्मरला त्याचं काही नसतं, पण अरासेलीच्या कानाला ते सगळं ऐकू यायचं. आतली कुजबुज आणि बाहेरची चर्रचर्र एकमेकांत मिसळून जायची. तीन वर्षं ती हैराण होती. शेवटी तिने एक दुसरा कान बनवला आणि तो बाहेर खांबावर लावला. नियम असा, की ठिणगी फक्त आतल्या कानाने ऐकली तर ती आतली. दोघांनी एकदम ऐकली तर ती राख, यंत्राने ती मोजणीतून काढून टाकायची. यंत्र एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. अकरा उपकेंद्रांत ते बसलं, परिषदांमध्ये टाळ्या पडल्या, आणि प्रयोगशाळेत 'राख' हा शब्द रुळला. कुणाचं कंटाळवाणं भाषण म्हणजे राख. कचेरीतून आलेलं परिपत्रक म्हणजे राख. तिचा नवरा हेर्मान तोवर घरातून निघून गेला होता. जाताना तो म्हणाला होता, "तू घरीसुद्धा चाळणी लावून ऐकतेस." ते वाक्य तिने मैत्रिणींना किस्सा म्हणून सांगितलं होतं, हसत हसत.

सोमवारी दुपारभर तिने विद्यार्थ्यांचे पेपर तपासले. एकही डोक्यात शिरला नाही. चार वाजता डोंगरावरून रोजचा वारा सुटला, अख्खं शहर खुर्च्या घेऊन दाराबाहेर आलं, आणि तीही गच्चीत उभी राहिली. तिथे तिला ऑगस्ट आठवला. आर्बेईचाच फोन होता, नेहमीसारखा, मोबाइलवरून, मागे कोंबडा ओरडत होता. साखर कारखाने त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी बंद होते, जाळपोळ थांबलेली, वर तीन दिवस धो धो पाऊस. "ऐक ना," तो म्हणाला होता, "ऊस जळत नाहीये, पावसाने माना आरशासारख्या स्वच्छ झाल्यात, आणि तुझं यंत्र अजून राख मोजतंय. कुठली राख?" तिला त्या दिवशी लिस्बनच्या परिषदेसाठी लेख संपवायचा होता. "जुनी राख असेल," ती म्हणाली होती. "खाचेत बसलेली." तो म्हणाला होता, "मी वर चढून हात फिरवून आलोय." तेव्हा ती हसली होती. "आर्बेई, तुझ्या हातापेक्षा माझ्या कानाला जास्त कळतं." गंमत होती ती. त्यांच्यात अशीच गंमत चालायची.

मंगळवारी सकाळी ती प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी पोचली. यंत्र काढून टाकलेल्या ठिणग्याही फेकून देत नाही, एका वेगळ्या कप्प्यात भरून ठेवतं. तो कप्पा तिनेच ठेवला होता, आणि एवढ्या वर्षांत तिने तो एकदाही उघडला नव्हता. कचऱ्याची टोपली कोण उघडून बघतं? तिने ऑगस्टचा तो आठवडा काढला. साडेतीनशेच्या वर ठिणग्या. दोन्ही कानांनी एकदम ऐकलेल्या, नियमाला धरून, एकदम राख. मग तिने पडद्यावरची रेघ ताणली, अजून ताणली, इतकी की सेकंदाचा अब्जावा भाग बोटभर लांब दिसायला लागला. 'एकदम' नव्हतंच. आतल्या कानाने आधी ऐकलं होतं आणि बाहेरच्याने किंचित नंतर, चार अब्जांश सेकंद नंतर. तेवढ्या वेळात लाट फार तर अडीच हात जाते. आतून मानेच्या पोटात सुरू होऊन, वर चढून, तोंडातून बाहेर पडायला लागतं तेवढंच अंतर. तिने दुसरी ठिणगी बघितली, दहावी बघितली, शंभरावी बघितली. प्रत्येक वेळी आधी आत, मग बाहेर. मान आतून खाल्ली जात होती, आणि ती ओरडत होती इतक्या मोठ्याने की बाहेरही ऐकू जात होतं. म्हणूनच यंत्राने तिला राख ठरवलं होतं. दोघांनी ऐकलं का, एवढंच तिने यंत्राला विचारायला शिकवलं होतं. आधी कुणी ऐकलं, हे विचारायला शिकवलंच नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा फरकाने काय होतंय.

आणि त्याच क्षणी, पडद्यासमोर बसल्या बसल्या, ऑगस्टमधलं ते बोलणं तिला पुन्हा ऐकू आलं, पण या वेळी शेवटपर्यंत. ती हसली होती. कोंबडा परत ओरडला होता. मग तो म्हणाला होता, "ठीक आहे, डॉक्टर. तुम्ही म्हणता तसं." तुम्ही. कालचं 'तुम्ही' पहिलं नव्हतंच. पहिलं ऑगस्टमध्ये पडलं होतं, तिच्या कानात पडलं होतं, आणि तिने ते बाजूच्या कप्प्यात टाकून दिलं होतं. त्यानंतरचे सोमवार तिने एकेक करून आठवून पाहिले. फोन येत होते, पण आखूड. तेलाचं तापमान, भार, ठीक आहे, ठेवतो. त्यातल्या एकाही फोनमध्ये त्याने तिला 'अगं बाई' म्हटलं नव्हतं. आठ महिने. तिला वाटलं होतं, माणूस वयाप्रमाणे शांत झालाय.

बुधवारी सकाळी सात. घड्याळात मंगळवारचे साडेदहा झाले होते. तिने आर्बेईला मोबाइल लावला. मनाशी वाक्य तयार होतं, अरे, उद्या चढू नकोस, काहीतरी कारण काढ, शिडी मोडलीय म्हण, पंप बिघडलाय म्हण, तोवर मी बघते. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन आठवड्यांत नियम गुपचूप सुधारता आला असता, अकरा ठिकाणी नवी आवृत्ती गेली असती, कुणाला कानोकान खबर लागली नसती. फोन वाजून वाजून थांबला. तिने परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मधेच कापला गेला, म्हणजे त्याने नंबर बघून कापला होता. अरासेली मोबाइलकडे बघत राहिली. मग हळूहळू तिला कालचा तो अनोळखी नंबर समजला. तो नियंत्रण कक्षाचा नंबर होता. त्या फोनवरचा शब्द न् शब्द टेपवर जातो, आणि म्हणून त्या फोनवर सगळेच एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. आर्बेईकडे अहवाल नाकारायला कागद नव्हता. त्याच्याकडे होते दोन हात आणि अठरा वर्षांचे कान, आणि ते कुठल्याही रकान्यात बसत नव्हते. म्हणून त्याने तिला टेपसमोर उभं केलं होतं आणि विचारलं होतं, काही सांगायचं असेल तर सांगा. आणि ती टेपवर म्हणाली होती, काही नाही. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, मग दोन्ही राग ओसरून नुसतं एकटं एकटं वाटायला लागलं. ज्या एका माणसाजवळ आपण चुकलो असं सहज म्हणता आलं असतं, तो आता ते सहज ऐकून घ्यायला तयार नव्हता. त्याला ते नोंदीत हवं होतं. आणि त्या मानेखाली तो उभा राहणार होता, त्यामुळे त्याचं काही चुकत नव्हतं.

तिने नियंत्रण कक्षाचा नंबर लावला. "उपकेंद्र, आर्बेई बालान्ता," तो म्हणाला.

"मी अरासेली लास्प्रिया," ती म्हणाली. "उद्या धुवायला चढू नका. दोन नंबरचा ट्रान्सफॉर्मर बंद करा, आजच. मधल्या मानेत आतून ठिणग्या पडतायत. ती राख नाही. अहवाल चुकीचा आहे."

"कारण सांगा, डॉक्टर. लिहायचंय."

"माझ्या यंत्राचा नियम चुकीचा आहे. जिथे जिथे ते बसवलंय तिथे तिथे चुकीचा आहे. अकरा ठिकाणी."

पलीकडे लेखणी कागदावर चालल्याचा आवाज. तो सावकाश लिहायचा, पहिल्यापासून. "अकरा," तो म्हणाला. "झालं?"

"नाही. पुढे लिहा. हे सगळ्यात आधी आर्बेई बालान्ता यांना कळलं होतं. ऑगस्टमध्ये. त्यांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

लेखणी थांबली. "ते लिहायची गरज नाही, डॉक्टर."

"लिहा," ती म्हणाली. "तुम्ही लिहा." आपण त्याला 'तुम्ही' म्हणालो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मान दहा दिवसांनी उतरवली. अरासेलीला बोलावलं नव्हतं, फोटो आले. कागदाचे थर एकेक करून सोलत गेले तेव्हा सातव्या थरावर काळी फांदी उमटलेली होती, तिला डहाळ्या, डहाळ्यांना अजून बारीक डहाळ्या. ज्याने आयुष्यभर असली झाडं पाहिलीत त्याला कळतं की हे किती दिवस टिकलं असतं. दिवस मोजायचे नव्हतेच, तास मोजायचे होते. अकरा उपकेंद्रांतली यंत्रं बंद झाली. चौकशी समितीने तिला तीन वेळा तेच प्रश्न विचारले, आणि तिने तीन वेळा तीच उत्तरं दिली. लिस्बनचा लेख तिने मागे घेतला. प्रयोगशाळेत 'राख' हा शब्द ती आत आली की बंद व्हायचा. तिने एकटीने नियम पुन्हा लिहायला घेतला, आधी कुणी ऐकलं या प्रश्नापासून, आणि त्यापायी दोन्ही कानांचे वेढेही बदलावे लागले, कारण कुणी आधी ऐकलं हे अब्जांशात कळायचं तर दोघांनी एकाच तऱ्हेने ऐकायला हवं. जुनी चकली आधी छोटी लाट पकडायची, मग लांब. त्या चकलीला स्वतःलाच वेळेचं भान नव्हतं. हे कुठल्याही नवशिक्याला दिसलं असतं, असं तिला आता वाटायचं.

सोमवार येत राहिले, फोन आले नाहीत. बेकरीत ती आता दोनच पांदेबोनो घ्यायची. बेकरीवालीने एकदा विचारलं, "काय गं, पाहुणे गेले का?" ती म्हणाली, "हो, गेले." संध्याकाळी वारा सुटला की ती गच्चीत जायची, आणि खालच्या गल्लीतल्या खुर्च्यांवरचं बोलणं ऐकत राहायची. शब्द कळायचे नाहीत. नुसता हसण्याचा आवाज वर यायचा, आणि तो आपल्यासाठी नाही हे कळायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं.

नवे कान तयार झाले तेव्हा पहिला जोड दोन नंबरवरच बसवायचा असं कंपनीने ठरवलं. बसवायला दुसरी माणसं गेली. त्यानंतरच्या सोमवारी पाचच्या सुमाराला तिचा मोबाइल वाजला, आणि पडद्यावर आर्बेईचं नाव होतं, त्याच्या स्वतःच्या नंबरचं. तिने लगेच घेतला नाही. दोन वेळा वाजू दिला, हात ओले नसताना पुसले, मग घेतला.

"नवी मान बसली," तो म्हणाला. मागे कोंबडा होताच. "तुमच्या नव्या थाळ्याही बसल्या."

"बऱ्या ऐकतायत?"

"डावीकडे बहिऱ्या नाहीत," तो म्हणाला. "आठवडाभर राख पडली. यंत्राने राख म्हटलं, मी वर जाऊन हात फिरवून आलो. राखच होती."

"आर्बेई," ती म्हणाली, "हा फोन कुणी टेप करत नाहीये. 'तू' म्हण ना."

तो म्हणाला, "म्हणायचं होतं हो. नंबर लावताना तोंडातल्या तोंडात म्हणूनही बघितलं. जमत नाहीये."

"बरं," ती म्हणाली. खालच्या गल्लीत कुणीतरी मोठ्याने हसलं. वाऱ्याबरोबर एक काळी सळी तरंगत आली आणि तिच्या मनगटावर बसली. ती फुंकली नाही तिने. "ऑगस्टमध्येच तू मला 'तुम्ही' म्हणालास. कोंबडा ओरडला त्यानंतर."

"म्हणजे ऐकलं होतंत?"

"नाही," अरासेली म्हणाली. "खूप उशिरा ऐकलं."

"हं," तो म्हणाला. फोन त्यानेही ठेवला नाही आणि तिनेही ठेवला नाही, आणि त्याच्या बाजूची ती घरघर, त्याचा श्वास, दूरचा ट्रान्सफॉर्मर, कोंबडा, यातलं काहीही बाजूला न काढता ती ऐकत उभी राहिली.